पाण्याआधी वजन

बुटाची नाडी बांधता बांधता लेक म्हणाली, "आई, यंदाचं विज्ञान तू ठरव," आणि दार ओढून घेऊन निघून गेली. तिची पावलं तीन मजले खाली उतरत गेली आणि रस्त्यात मिसळली. मी हातातली बशी पुसत होते. ती केव्हाच कोरडी झाली होती, तरी पुसत राहिले. येताना साबण आण, खिडकी लावून घे, विज्ञान ठरव. सगळं एकाच सुरात, एकाच दमात. भाषा आणि गणित ती स्वतः घेणार, इतिहास जावई सांगणार, म्हणजे ट्रामच्या थांब्यांवरून रंगवणार, आणि उरलेलं विज्ञान माझ्या वाट्याला. ज्या बाईला वयाच्या एकोणपन्नासाव्या वर्षापर्यंत स्वतःचं नाव वाचता येत नव्हतं, तिच्या वाट्याला. बशी फळीवर ठेवताना दुसऱ्या बशीवर जरा जोरातच आपटली. आतल्या खोलीतून भुंगा म्हणाला, "आजी, काय फुटलं?" "काही नाही," मी म्हटलं, "माझं नशीब." "मग ठीक आहे," तो म्हणाला आणि पुन्हा गुणगुणायला लागला.

भुंगा म्हणजे मधला, नऊ वर्षांचा. गप्प बसून त्याला काही करताच येत नाही. थोरली बारा वर्षांची, तिला आम्ही वकीलीण म्हणतो, कारण तिला शुभ सकाळ म्हटलं तरी ती 'कशावरून' विचारते. आणि धाकटी शेपूट, पाच वर्षांची, जी कायम या दोघांच्या मागे असते आणि ते वळले की त्यांच्याशी धडकते. तिघंही घरीच शिकतात. जावई ट्राम चालवतो. तीन वर्षांत त्याच्या तीन ठिकाणी बदल्या झाल्या, वकीलीणीच्या तीन शाळा झाल्या, आणि तिन्ही शाळांत तिच्या वाट्याला पहिला धडा आला 'सजीव आणि निर्जीव'. तिसऱ्या शाळेत बाईंनी विचारलं, दगड सजीव आहे का, तर ही म्हणाली, "मागच्या दोन शाळांत तर नव्हता." त्या दिवशी लेकीनं तिला घरी आणलं ते आणलंच. मग घरी एकच वर्ष म्हणत म्हणत पाच झाली. आता लेक पाणी तपासायच्या प्रयोगशाळेत पूर्ण दिवसाच्या कामाला लागली होती आणि कपाटाच्या वरच्या फळीवर एक खोकं होतं. खोक्यात तीन वयांची तीन नवी विज्ञानाची पुस्तकं, पातळ, मध्यम आणि जाड. सोबत लेकीनं आखलेला कागद: आडवे बारा महिने, उभी तीन मुलं, छत्तीस रिकामे चौकोन. "कुठल्या महिन्यात कुणाला काय, एवढंच भर," संध्याकाळी तिनं समजावलं. "नाही पटली पुस्तकं तर पंधरा दिवसांत परत देता येतात. घाबरू नकोस." घाबरू नकोस म्हटलं की माणूस कशाला घाबरायचं ते शोधायला लागतो.

मला फार शोधावं लागलं नाही. दुसऱ्याच दिवशी वकीलीण माझ्यासमोर येऊन बसली, हाताची घडी टेबलावर. "आजी, तू ठरवणार आहेस ना? मग ऐक. मागच्या वर्षी मी शेपटीबरोबर ओल्या कापसात बी पेरलं. त्याच्या आधीच्या वर्षी भुंग्याबरोबर पेरलं. त्याच्या आधी एकटीनं पेरलं. यंदा कापूस दिसला तर मी शाळेत जाणार. मी आईशी बोललेय. पुढच्या शुक्रवारपर्यंत फॉर्म घेतात."

"शाळेत काय कापूस नसतो?"

"माझ्या वर्गात नसतो. तिथं सगळे माझ्या वयाचे असतात."

तिचा राग दिसला असता तर बरं झालं असतं. ती अगदी नीट बोलत होती, घर बदलणारं माणूस बोलतं तशी. मी टेबलाकडं बघितलं. जावयाच्या मित्रानं डेपोतल्या जुन्या बाकांच्या लाकडातून बनवून दिलेलं टेबल, एका कडेला अजून आसनाचा क्रमांक आहे. सकाळी नऊ ते एक या टेबलाला चार बाजू असतात आणि चारही भरलेल्या असतात. एक बाजू रिकामी झाली तर काय होईल? काही नाही, टेबल काही पडणार नाही. पण मला ते पडल्यासारखंच वाटायला लागलं आणि तिच्यासमोर मी उगाच चष्मा पुसला. चांगल्या शाळेत जाईल, शिकेल, त्यात वाईट काय, असं मी स्वतःला दिवसातून चार वेळा सांगितलं. पाचव्या वेळी मन म्हणालं, ती शाळेत जायला हरकत नाही, पण तू ठरवलेल्या क्रमामुळं जायला नको.

क्रम ही काय चीज आहे ते मला पुस्तकांच्या फार आधीपासून माहीत आहे. एकतीस वर्षं मी इस्पितळाच्या धुलाईघरात काढली. वरून येणाऱ्या गठ्ठ्यांना चिठ्ठ्या असायच्या, लाल आणि निळ्या. लाल म्हणजे थेट उकळत्या पाण्यात, निळी म्हणजे आधी गार पाण्यात. रक्ताची चादर आधी गार पाण्यात जायला हवी. तीच आधी गरम पाण्यात गेली की डाग पक्का, मग देव आला तरी निघत नाही. वस्तू तीच, साबण तोच, पाणी तेच. फक्त आधी काय आणि मग काय, एवढ्यावर सगळं. मग एका सोमवारी चिठ्ठ्या पांढऱ्या आल्या. रंगीत कागद बंद झाला होता, त्याऐवजी शब्द छापला होता. मी त्या दोन शब्दांच्या आकारांवरून अंदाज बांधला आणि साठ चादरी उकळून काढल्या. तपकिरी डागांच्या त्या साठ चादरी दोरीवर वाळत होत्या आणि मी त्यांच्या मागे उभी राहून कुणाला दिसू नये म्हणून श्वास बारीक करत होते. शेजारी घड्या घालणारी बाई होती, माझ्याहून वीस वर्षांनी लहान. ती म्हणाली, "मावशी, वाचता येत नाही हे सांगायचं होतं, चादरींनी काय घोडं मारलं होतं तुमचं?" तिनं जेवणाच्या सुट्टीत मला पहिले दोन शब्द शिकवले, 'उकळा' आणि 'थंड'. त्यानंतर 'कांजी', त्यानंतर 'फाटलेले'. अक्षरमाला जिथून सुरू होते तिथं मी सातव्या महिन्यात पोचले. कामाला जे आधी लागलं ते आधी आलं, आणि जे असं आलं ते कधी पुसलं गेलं नाही.

तर आठ दिवस मी ती तीन पुस्तकं वाचली. माझं वाचणं म्हणजे बोट ठेवून, ओठ हलवत. शेपूट मांडीवर बसायची आणि माझं बोट पुढं सरकलं नाही की स्वतःच्या बोटानं ढकलायची. पातळ पुस्तकात एक चित्र होतं: किटली, तिच्या चोचीतून पांढरा ढग, आणि ढगाकडं बाण करून लिहिलेलं, 'वाफ'. मी थांबले. धुलाईघरात पहिल्या दिवशी मला शिकवलं होतं की पांढरं दिसतं ती वाफ नव्हे, ते निवलेलं पाणी. खरी वाफ दिसत नाही. नळी फुटल्याचा नुसता आवाज येतो, समोर स्वच्छ हवा, आणि त्या हवेत हात घातला की कातडी जाते. म्हणून आम्ही आधी झाडूचा दांडा पुढं करून चालायचो. मला वाटलं, पुस्तकवाल्यांना माहीत नसेल. मग जाड पुस्तक काढलं, पाण्याचाच धडा, आणि तिथं सरळ लिहिलेलं, पाण्याची वाफ अदृश्य असते. म्हणजे माहीत होतं. पाच वर्षांच्या पोरीला एक सांगायचं आणि सात वर्षांनी ते खोटं होतं म्हणायचं. आधी डाग पाडायचा, मग काढायचा. मी शेपटीला उचलून स्वयंपाकघरात नेलं, किटली ठेवली, आणि उकळायला लागल्यावर दाखवलं की चोच आणि ढग यांच्यामध्ये बोटभर जागा आहे, तिथं काहीच दिसत नाही. "तिथं काय आहे?" मी विचारलं. ती म्हणाली, "काही नाही." "तीच वाफ," मी म्हटलं. तिनं बराच वेळ त्या काही-नाहीकडं बघितलं आणि मग पळत जाऊन ओरडली, "ए ताई, आमच्याकडं न दिसणारी वाफ आहे." "सगळ्यांकडंच असते," वकीलीण म्हणाली, पण खिडकीतून उठून बघायला आली. तेवढ्यावरून माझ्या डोक्यात शिरलं. छत्तीस चौकोन कशाला? आम्ही कपडे कधी मालकाप्रमाणे निवडले नाहीत. तिसऱ्या मजल्याचे वेगळे आणि चौथ्याचे वेगळे असं केलं असतं तर वर्ष लागलं असतं. डागाप्रमाणे निवडायचे. पातळ, मध्यम आणि जाड पुस्तकांतलं सगळं पाणी एका जागी, सगळा उजेड एका जागी, सगळी हाडं-मांस एका जागी. मग तिघं एका वेळी एकाच विषयाला भिडतील, ज्याला जेवढं झेपेल तेवढं, आणि धाकटीचं चुकलं तर थोरलीचं पान शेजारीच असेल.

बुधवारी लेक कामावर होती, जावई पहाटेची पाळी करून आत घोरत होता, मुलं खालच्या बागेत. मी पातं घेतलं आणि तिन्ही पुस्तकांचे कणे कापले. काय सुख होतं ते. नवा कागद कापताना नव्या कापडासारखाच आवाज येतो. दोनशेच्या वर पानं टेबलभर, खुर्च्यांवर, शिलाईच्या यंत्रावर, आणि मी त्यांच्यात धुलाईघरातल्यासारखी फिरत होते: हे पाणी, हे पाणी, ही हाडं, हा उजेड, हे पुन्हा पाणी. दहा गठ्ठे झाले. चादरी शिवायच्या जाड दोऱ्यानं दहा वह्या शिवल्या, प्रत्येकीचा दोरा वेगळ्या रंगाचा. पाण्याची निळी, शरीराची लाल, उजेडाची पिवळी. मापन म्हणून एक धडा तिन्ही पुस्तकांत होता, लांबी, वजन, आकारमान. तो अगदीच रुक्ष वाटला म्हणून करड्या दोऱ्यानं सगळ्यात शेवटी टाकला. निळी वही पहिली, कारण पाण्यातलं मला कळतं. जावई डोळे चोळत बाहेर आला, कापलेले तीन कणे बघून जागच्या जागी थांबला. "आई, कुणाला मारलंत?"

"तिघांची दहा केली," मी म्हटलं.

तो निळी वही चाळू लागला. एक पान वाचलं, उलटलं, परत उलटलं. "इथं पाऊस पडतोय," तो म्हणाला, "आणि मागच्या बाजूला बेडूक कापलाय. पण त्याचं पोटच नाही. पोट कुठं गेलं?"

मी वही त्याच्या हातातून ओढून घेतली. कापडाला सुलट बाजू असते, उलट असते, पण ते एकच कापड. चादरीच्या पाठीवर दुसऱ्याची चादर नसते. पान उलटलं की तिथं दुसराच धडा सुरू झालेला असू शकतो, हे आयुष्यभर पुस्तकं हाताळणाऱ्याला सांगावं लागत नाही, आणि मला कुणी सांगितलं नव्हतं. मी प्रत्येक पानाची फक्त वरची बाजू बघून निवड केली होती. दहाच्या दहा वह्यांत बेडकाचं डोकं एकीत आणि पोट दुसरीत, विजेचा दिवा इथं आणि तारा तिथं. संध्याकाळी लेक आली. तिनं बूटही काढले नाहीत. खुर्चीच्या कडेवर बसून एकेक वही उघडून बघितली. मला तिचा राग चालला असता, पण ती शिलाईवरून बोट फिरवत होती. "टाके फार सुंदर आहेत," ती म्हणाली. मग वही मिटून, "आता परत नाही देता येणार, आई." तिच्या पाठीमागे दारात वकीलीण उभी होती. "आई, शुक्रवारी किती वाजता जायचं?" तिनं विचारलं.

गुरुवारी सकाळी मी टेबलावर कुणाला बोलावलं नाही. कोणत्या तोंडानं बोलवणार? पण नऊ वाजले की भुंगा आणि शेपूट येऊन बसतात, घड्याळासारखी. भुंग्यानं लाल वही उघडली आणि मोठ्यानं वाचायला सुरुवात केली, "हृदयाचे चार कप्पे असतात आणि त्यांच्यामध्ये," आणि थांबला. "त्यांच्यामध्ये काय, आजी?" मला कुठं माहीत. शेपूट टेबलाखाली उतरली, जणू ते खाली सांडलंय. मग दोघांनी वह्या धुंडाळायला सुरुवात केली, निळी, पिवळी, हिरवी, आणि ते निळ्या वहीत हातपंपाच्या पाठीमागे सापडलं. "त्यांच्यामध्ये झडपा असतात, त्या रक्ताला उलट जाऊ देत नाहीत." भुंग्यानं पान उलटलं. दुसऱ्या बाजूला हातपंपाचं चित्र, त्यातही झडप. पुन्हा उलटलं. "ताई," त्यानं हाक मारली, "आपल्या छातीत पंप आहे."

"ते सगळ्यांना ठाऊक आहे," ती खिडकीतून म्हणाली. थोड्या वेळानं म्हणाली, "कुठल्या पानावर?" मग एक पेन्सिल आणि तिच्या आईचा छत्तीस चौकोनांचा कागद घेऊन आली, आणि अत्यंत नाइलाजानं, आपण हे शेवटचा उपकार म्हणून करतोय असा चेहरा करून, कुठल्या पानामागे काय लपलंय ते लिहायला लागली. "हा काय गोंधळ घातलायस, आजी. असं कुणी करतं का?" "करणारी होती म्हणून तर तुला बोलायला मिळालं," मी म्हटलं. ती हसली नाही, पण पेन्सिल थांबली.

जेवणाआधी मला निदान एक गोष्ट धड करून दाखवायची होती. निळ्या वहीत पहिलंच होतं, काय बुडतं आणि काय तरंगतं. मी टबात पाणी भरलं. शेपटीनं किल्ली टाकली, बुडाली. लाकडाचा ठोकळा टाकला, तरंगला. "किल्ली जड म्हणून बुडाली," भुंगा म्हणाला. शेपटीनं ठोकळा दोन्ही हातांनी बाहेर काढला, भुंग्याच्या पोटाला टेकवला, आणि म्हणाली, "हा जड आहे. माझे हात दुखतात." भुंग्याचं गुणगुणणं थांबलं. दोघांनी माझ्याकडं बघितलं. मला उत्तर हातांत माहीत होतं, एकतीस वर्षं ओली चादर आणि कोरडी चादर उचलणाऱ्या हातांत, पण तोंडात येईना. मी जाड पुस्तकाचं पान काढलं. त्यात घनता असा शब्द होता आणि त्याच्याखाली भागाकार.

"नाही येणार त्यांना," वकीलीण म्हणाली. ती कधी टबाजवळ आली ते मला कळलं नाही. "असं मलाही नाही येणार. किल्ली जड का ठोकळा जड असं विचारायचंच नाही. ठोकळा किल्लीएवढा बारीक केला तर कोण जड, असं विचारायचं. त्याला आधी वजन यायला हवं आणि वस्तू किती जागा खाते ते मोजता यायला हवं. आणि ते तू कुठं टाकलंयस? करड्या वहीत. शेवटी." तिनं हातातला कागद माझ्यासमोर आपटला. "क्रमच चुकलाय. आजी, धुलाईघरात तुम्ही कपडे न तोलताच यंत्रात टाकायचात का?"

आम्ही प्रत्येक गठ्ठा तोलायचो. दारातच काटा होता. तोलल्याशिवाय पाणी किती, साबण किती, काहीच सांगता येत नाही. एकतीस वर्षं दिवसाची सुरुवात त्या काट्यावर झाली, आणि मी तोच धडा रुक्ष म्हणून शेवटी ढकलला. मला खरं तर लाज वाटायला हवी होती, आणि वाटत होता भलताच आनंद, पायांच्या तळव्यांपासून वर चढणारा. ही बारा वर्षांची पोर माझ्यावर खेकसत होती, आणि ती मापनासाठी भांडत होती, पाण्यासाठी भांडत होती. बरोबर शब्दात सांगायचं तर ती भांडत होती धाकट्यांना कळावं म्हणून. मी चेहरा शक्य तितका पडलेला ठेवला. "मग आता काय करायचं?" "उसवायचं," ती म्हणाली. "करडी पहिली. निळी तिसरी. आणि दोन बाजूंचं मी बघते, जिथं मागं दुसरं आहे तिथं मी हातानं उतरवून काढते." तिनं माझ्या डब्यातून उसवायचं पातं उचललं.

शुक्रवारी लेक लवकर घरी आली, पिशवी खांद्यालाच होती. टेबलावर उसवलेल्या दोऱ्यांचा ढीग, रंगीबेरंगी. वकीलीण खुर्चीवर पाय वर घेऊन बसलेली, दातात सुई. भुंगा उतरवून काढलेल्या पानांवर आकडे घालत होता आणि शेपूट त्या पानांवर फुंकर मारत होती, शाई वाळायला. मी कडेला बसून वाटी पुसत होते. पुसायला काहीतरी हवंच असतं. "चल," लेक म्हणाली, "पाचला कचेरी बंद होते. फॉर्म मी भरून आणलाय, तुझी सही तेवढी हवी."

वकीलीणीनं दातातली सुई काढली. "यंदा नको."

"नक्की? मागाहून म्हणशील, आईनं नेलं नाही. आजीसाठी राहू नकोस हं."

"आजीसाठी कोण राहतंय," ती म्हणाली. "हिच्यासाठी राहायचं म्हणजे जन्मभर पानं शोधायची. मला सहा वह्या अजून लावायच्यात. विजेचा क्रम तर सगळाच उलटा आहे. हे दोघं लावतील का? पुढच्या वर्षी विचार. आणि पुढच्या वर्षी आजीचं पातं कपाटात कुलपात ठेव."

लेकीनं माझ्याकडं बघितलं. मी वाटीत बघितलं. तिनं पिशवी खाली ठेवली, बूट काढले, आणि बऱ्याच दिवसांनी दिवसाउजेडी टेबलापाशी येऊन बसली. मला वाटलं आता काहीतरी म्हणावं, नातीला जवळ घ्यावं, पण ती करड्या वहीचं पहिलं पान सरळ करत होती आणि तिच्या कपाळावर आठी होती, कामातली.

"आजी, दोरा केवढा घेऊ?" तिनं विचारलं.

"हाताएवढा. त्याहून लांब घेतला की गुंता होतो."

तिनं रिळाचं टोक धरलं, दोरा ओढायला लागली आणि मध्येच थांबली. माझ्या हाताकडं बघितलं, मग स्वतःच्या. "कुणाच्या हाताएवढा?"

भुंग्यानं पेन्सिल ठेवून हात पुढं केला. लेकीनं बाही सारली. आणि शेपूट खुर्चीवर उभी राहिली, बोटं ताणून, खांदा दुखेपर्यंत, आणि म्हणाली, "माझा पण धरा."